अर्धवट बरा

मनुष्यदेहाच्या अवयवांचे मोल कायद्याने किती काटेकोरपणे ठरविले आहे, हे ज्याला कधी अपघात झालेला नाही अशा सुदैवी वाचकाला ठाऊक असण्याचे कारण नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला, आणि पुढे १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याला, शेवटी एक तक्ता जोडलेला होता आणि कोणता अवयव गेला असता माणसाची कमाईची शक्ती शेकडा किती उणी होते याचा हिशेब त्यात मांडलेला होता. दोन्ही हात गेले तर १००, अंगठा ३०, तर्जनी समूळ गेल्यास १४, मधले बोट १२, अनामिका वा करंगळी ७, आणि हाडाला धक्का न लागता तर्जनीचे नुसते टोक छाटले गेले तर ५. एकलव्याने द्रोणाचार्यांना दिलेली गुरुदक्षिणा नेमकी केवढी होती, हा जो प्रश्न शब्दांत मावेना म्हणून कीर्तनकारांनी पिढ्यान्‌पिढ्या श्रोत्यांच्या अश्रूंवर सोपविला, त्याचा निकाल या तक्त्यात एका ओळीत लागतो: शेकडा ३०.

हा तक्ता मी अथपासून इतिपर्यंत, ओळीखाली तर्जनी (किंमत १४) ठेवून वाचला; कारण माझा जो अवयव दुखावला होता तो मला त्यात सापडेना. चेहरा भयंकर विद्रूप झाला तर १००, ठार बहिरेपण आले तर १००, डोळ्यांचा तर तपशीलवार खुलासा. म्हणजे मस्तकाच्या बाह्य प्रदेशाची पाहणी अगदी कसून झालेली होती. आत मात्र कोणी डोकावले नव्हते. मेंदू गेला असता कमाई किती टक्के घटते याविषयी तक्ता मौन पाळतो, आणि कित्येक उच्चपदस्थांचे वेतन पाहता त्याने ते पाळले हेच सुज्ञपणाचे झाले, असे माझे मत आहे.

माझी हकीकत थोडक्यात अशी. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या भांडारात मी कारकून. २०१८ च्या पावसाळ्यात सकाळच्या पाळीला जात असता एक खड्डा आणि एक कुत्रा यांनी एकाच क्षणी माझ्याकडे रस्ता मागितला. मी तो कुत्र्याला दिला. डोक्यावर हेल्मेट होते म्हणून हा लेख लिहिला जात आहे. परंतु कवटी थांबली तरी तिच्या आतला मेंदू क्षणभर पुढे चालत राहतो आणि भिंतीवर आपटतो, ही शरीरशास्त्रातील गोष्ट मला पुढे इस्पितळात समजली. शुद्धीवर आलो तेव्हा हात, पाय आणि करंगळ्यांसह सर्व बोटे जागच्या जागी होती. घरून कामावर जाताना झालेला अपघातही, नोकरीशी त्याचा संबंध दाखविता आल्यास, नोकरीतीलच मानावा अशी दुरुस्ती कायद्यात २०१० साली झालेली होती. तोच कुत्रा दहा वर्षे आधी आडवा येता तर ही हकीकत मी निराळ्या सुरात सांगितली असती.

राज्य कामगार विमायोजनेचा पाया प्रा. बी. पी. आडारकर यांनी घातला. औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्यासंबंधीचा त्यांचा अहवाल १९४४ साली सरकारला सादर झाला, चार वर्षांनी कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपुरात पंडित नेहरूंच्या हस्ते योजनेचे उद्घाटन झाले. मी पडलो त्या वेळी दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यासच ही योजना लागू होती, आणि माझे वेतन त्या मर्यादेबाहेर जाऊ नये याची काळजी आमच्या कारखान्याने, मी कधीही विनंती केलेली नसताना, वर्षानुवर्षे घेतलेली होती. तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात विमा सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के रक्कम देतो. ही वार्ता ऐकताच आमच्या सौभाग्यवतींच्या मुखातून "नव्वद?" असा जो उद्गार निघाला त्यात दुःखाचा अंश फारसा नव्हता, कारण पतपेढीचा हप्ता, भिशी, कँटीनची उधारी आणि पगाराच्या संध्याकाळची मित्रमंडळी यांतून पार होऊन ९० टक्के रक्कम घरी पोचल्याची घटना आमच्या संसाराच्या इतिहासात नमूद नव्हती.

अर्थात ही मेहेरबानी बिनशर्त नव्हती. लाभ घेणाऱ्याने दवाखान्याच्या उपचाराखाली राहावे, नेमलेल्या डॉक्टरास तपासू द्यावे, उपचार जेथे चालू आहेत तो इलाखा परवानगीवाचून सोडू नये, आणि बरे होण्याच्या शक्यतेस बाधा येईल असे काहीही करू नये, असे कायद्याचे ६४ वे कलम सांगत असे. इतके मानवतावादी कलम मी दुसरे पाहिलेले नाही. इलाख्याच्या अटीवर मी साक्रीचे एक लग्न आणि सटाण्याची एक वास्तुशांत चुकविली. आणि बरे होण्यास बाधा आणणाऱ्या गोष्टींत चुलतसासऱ्यांशी राजकारणावर बोलणे बसते की नाही, याचा निर्णय मी स्वतःच्या जबाबदारीवर घेतला. हे कलम ठळक अक्षरांत लिहून दारावर लावावे असा माझा मनसुबा होता. ही म्हणाली, "अहो, ती माणसं वाचत नाहीत, नुसती येतात."

येणाऱ्यांची अडचण निराळीच होती. मोडलेल्या पायाला प्लास्टर असते. त्यावर टिचकी मारता येते, नातवाला चित्र काढता येते, आणि आपण आणलेली मोसंबी योग्य ठिकाणी पडली अशी खात्री होते. मेंदूला प्लास्टर घालीत नाहीत. टाके केसांखाली झाकले गेले तेव्हा माझ्या आजाराचा दृश्य पुरावा संपला, आणि बसून बसून अंगावर मूठभर मांस चढले तेव्हा तो पुरावा उलट बाजूने बोलू लागला. "छान दिसताय हो!" या वाक्यात अभिनंदन किती आणि चौकशी किती हे मला अजून उमगलेले नाही. दोन माणसे एकदम बोलली की मला काहीच कळत नाही असे सांगितले, तर "आम्हाला तरी कुठं कळतं?" असे उत्तर येई. नावे आठवत नाहीत म्हटले की "ते वयाचं आहे." दुपारी दोनला डोके बंद पडते म्हटले की "आमच्या ऑफिसात जेवणानंतर सगळ्यांचंच." माझी व्याधी अशी सर्वांनी सारखी वाटून घेतली, तिच्याबद्दलचे ९० टक्के मात्र माझ्या एकट्याच्या खात्यात जमा होत, याचे वैषम्य त्यांच्या चेहऱ्यावर उरे.

त्या मानाने तज्ज्ञांचे प्रश्न सुटसुटीत होते. आज वार कोणता, तारीख कोणती, आपण कितव्या मजल्यावर आहोत. घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवा. १०० मधून ७ वजा करा, उरतील त्यातून पुन्हा ७, असे खाली या. ७९ पर्यंत मी उतरलो आणि थबकलो. डॉक्टरांनी आपल्या पुढ्यातील कागदाकडे पाहिले. त्यांच्या कागदावर उत्तरे छापलेली होती. ही सवलत रुग्णाला नसते. मग त्यांनी तीन शब्द सांगितले, केळे, कुलूप, रुपया, आणि थोड्या वेळाने विचारीन म्हणाले. ते तीन शब्द मी आजही झोपेतून उठवले तरी सांगेन. मेंदूच्या ज्या जागेत कोथिंबीर, मीठ आणि काडेपेटी राहावयाची, तेथे ही त्रयी कूळ म्हणून घुसली आहे आणि कूळकायद्याचे संरक्षण असल्याप्रमाणे हलावयास तयार नाही. वाण्याच्या दुकानापुढे उभा राहिलो की मला प्रथम केळी आठवतात.

खरी कसोटी विम्याच्या कार्यालयात. स्मृती बिघडल्याचा दावा करणाऱ्या इसमाने अपघाताची वेळ, साक्षीदारांची नावे, मागील पगाराचे तपशील आणि यापूर्वी कोणत्या तारखेस कोणता कागद दिला हे बिनचूक लिहून द्यावयाचे असते. अर्ज ही भरून देई, सही माझी. खिडकीवरचे गृहस्थ सज्जन होते. कागद पाहून ते म्हणाले, "अक्षर झकास आहे हो तुमचं!" होय म्हणावे तर मेंदू शाबूत ठरतो, नाही म्हणावे तर अर्ज. मी नमस्कार केला.

विमाव्यवहारात कामगाराच्या दोनच अवस्था मानलेल्या आहेत: अनफिट आणि फिट. पॅनेल डॉक्टर आधी पहिला दाखला देतात, मग मधले दाखले देत राहतात, आणि ज्या दिवशी शेवटचा दाखला लिहितात त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कामगार संपूर्ण बरा असतो. मेंदूच्या डॉक्टरांनी मला सांगितले होते की एकदम पाळी भरू नका. आधी दोन तास जा, मग चार, असे हळूहळू वाढवा. सल्ला लाखमोलाचा होता. परंतु कायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे ज्या दिवशी कामगार काम करून वेतन घेई त्या दिवशीचा लाभ त्याला मिळत नसे; म्हणजे दोन तास काम केले की दोन तासांचे वेतन पदरात पडणार आणि सबंध दिवसाचे ९० टक्के जाणार. मी त्रैराशिक मांडून पाहिले (ते मला जमले ही गोष्ट कोठे बोलू नका, असे हिने बजावले होते) आणि असे आढळले की पावपट बरे होणे हे पूर्ण आजारी असण्यापेक्षा पुष्कळच महाग पडते. यात कायदा करणाऱ्यांना बोल लावावा असे मला वाटत नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे १९४८ सालचा गिरणीकामगार होता. त्याला ताप येई आणि तो उतरे, त्याचे हाड मोडे आणि ते सांधे. मेंदू मात्र हप्त्याहप्त्याने बरा होतो, आणि कर्जदाराच्या सवयीने मधलाच एखादा हप्ता चुकवितो.

सरकारी नोकरीत असतो तर प्रश्नच नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे २० वे कलम सांगते की सेवेत असताना ज्यास दिव्यांगत्व आले अशा सरकारी कर्मचाऱ्यास बडतर्फ करता येत नाही की त्याचा हुद्दा उतरविता येत नाही; त्यास झेपेल असे दुसरे पद त्याच वेतनावर द्यावे, आणि तसे पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा सेवानिवृत्तीपर्यंत त्याला अधिसंख्य पदावर ठेवावे. डोक्यास कोणताही मार न लागता अधिसंख्य वाटावीत अशी पदे आयुष्यभर भूषविलेले कित्येक सद्‌गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. खाजगी कारखान्यास हे कलम लागू नाही, म्हणून मला मूळच्याच पदावर रुजू व्हावे लागले.

मेंदूस मार लागून कामावर परत येऊ पाहणाऱ्यांचा आमचा मूळपुरुष फिनिअस गेज. आमच्या कायद्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १३ सप्टेंबर १८४८ रोजी, अमेरिकेतील व्हर्माँट प्रांती कॅव्हेंडिश या गावाजवळ रेल्वेसाठी खडक फोडीत असता या पंचवीस वर्षांच्या मुकादमाच्या डाव्या गालाखालून सुरुंग ठासण्याची पहार शिरली आणि टाळूतून बाहेर पडली. पहार ३ फूट ७ इंच लांब आणि वजनाने सव्वातेरा पौंड. गेज शुद्धीवर होता. बैलगाडीत बसून मुक्कामावर गेला, आणि थोड्याच दिवसांत कामावर जाण्याच्या गोष्टी बोलू लागला. हार्लो नावाच्या डॉक्टरने त्याला जगविले. परंतु त्याचा स्वभाव पालटला, तो हट्टी व शिवराळ झाला, असे कारण होऊन मालकांनी मुकादमी काही परत दिली नाही. आता हट्टीपणा व शिवराळपणा हे गुण मुकादमीच्या आड कसे येतात हे आमच्या कारखान्यातील कोणालाही समजावून सांगता येणार नाही. आमच्याकडे ते गुण बढतीच्या वेळी विचारात घेतले जातात. असो. गेज पुढे अमेरिकेतल्याच हॅनोव्हर गावी एका घोड्यांच्या तबेल्यात राहिला, आणि १८५२ साली थेट चिली देशात जाऊन व्हॅल्पराइसो ते सान्तियागो या मार्गावर कित्येक वर्षे टपालगाडी हाकीत होता. मॅल्कम मॅकमिलन या संशोधकाचे म्हणणे असे की, रोज तेच घोडे, तोच रस्ता, तीच वेळ, अशा आखीव कामानेच त्याची घडी पुन्हा बसली असावी. ती पहार तो जन्मभर बाळगून होता, आणि आज ती त्याच्या कवटीसह हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. पुरावा जपून ठेवण्याची ही बुद्धी ज्याला होती, त्याचे डोके फिरले होते असे मी तरी म्हणणार नाही.

मी रुजू झालो तेव्हा आमच्या एचआर साहेबांनी आपणहून मला 'हलके काम' देण्याचे फर्मान काढले. कारखान्यात हलके याचा अर्थ वजनाला हलके. पूर्वी मी भांडाराच्या मागील बाजूस, मांडण्यांच्या बोळात, बेअरिंगच्या पेट्या लावीत असे. तेथे शांतता होती, अंधूक उजेड होता, आणि एका वेळी एकच पेटी उचलावी लागे. आता मला दर्शनी खिडकीवर, टेलिफोनसह, उशीच्या खुर्चीवर बसविण्यात आले. खिडकीच्या अंगास पॉवर प्रेसचे खाते, आणि प्रेस दर दोन सेकंदांनी पृथ्वीला ठोका देई. एक हात खिडकीतून आत येई, "भाऊ, दोन डझन एम-आठ बोल्ट", बोल्ट मोजता मोजता टेलिफोन वाजे, "गेटवर गाडी आली आहे, चलनाचा नंबर घ्या", पहिल्या हाताच्या काखेतून दुसरा हात पुढे सरके, "माझी स्लिप झाली का? लाइन उभी आहे!" बोल्ट सतरा झाले होते की एकोणीस हे ठरविण्याच्या आत चलनाचा नंबर बोल्टांत मिसळे, आणि मी टेलिफोनमध्ये "एम-आठ" असे सांगून गेटवरची मालमोटार उभी करून ठेवी. वीस किलोची पेटी उचलताना मला काडीचाही त्रास होत नाही. एक टेलिफोन आणि एक मनुष्य एकदम उचलणे मला साधत नाही. हे सांगण्यासाठी मी साहेबांकडे गेलो आणि म्हणालो, "साहेब, मला जड काम द्या." त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळले. खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "तुमची जिद्द दिसते आहे, पण घाई करू नका."

शेवटी तोड भांडारातील पोऱ्याने काढली. त्याची कंबर धरलेली होती, पण कायम व्हावयाचे असल्यामुळे ती धरल्याचे त्याला कोठे सांगता येत नव्हते. तो खिडकीवर बसू लागला आणि मी पेट्या उचलू लागलो. कागदोपत्री अद्याप मीच खिडकीवर हलके काम करीत आहे, आणि तो मागे जड.

विसराळूपणाची मला फार धास्ती होती. ती अनाठायी ठरली. भांडार ही संस्थाच मुळी कोणाच्याही स्मरणशक्तीवर विश्वास ठेवू नये या तत्त्वावर उभी आहे. प्रत्येक खणाला बिन कार्ड लटकत असते. आले किती, गेले किती, उरले किती, प्रत्येक नोंदीवर सही. स्लिपवाचून वॉशरही देऊ नये हा नियम. हे सारे माझ्या अपघातापूर्वी, शाबूत डोक्यांच्या माणसांसाठी तयार केलेले होते. आमचे सुपरवायझर चष्मा कपाळावर ठेवून भांडारभर चष्मा शोधीत. खरेदीचे साहेब एकाच मालाची मागणी दोन पुरवठादारांना पाठवीत. त्यांच्या बाबतीत त्यास कामाचा व्याप म्हणत, माझ्या बाबतीत परिणाम. बारा माणसांच्या खात्यात विसरण्याचा शिक्कामोर्तब परवाना असलेला मी एकटा, आणि हळूहळू त्याचा उपयोग सार्वजनिक होऊ लागला. एखादी नोंद राहिली की कोणीतरी प्रेमाने म्हणे, "जाऊ द्या, भाऊंकडून राहिली असेल." मी त्या दिवशी रजेवर होतो हे लक्षात आणून देणे मला प्रशस्त वाटत नसे.

दमण्याविषयी एवढेच सांगतो की मेंदूचे वजन देहाच्या शेकडा दोन आणि त्याचा खर्च देहाच्या शक्तीच्या शेकडा वीस, हे प्रमाण निरोगी माणसाचे आहे. दुरुस्ती चालू असता खर्च कोठवर जातो हे मला दुपारी दोन वाजता कळते. तेव्हा मी मांडण्यांच्या बोळात, रिकाम्या पेटीवर, डोळे मिटून थोडा वेळ बसतो. तेथे पूर्वीपासून बसत आलेल्या दोघांनी मला जागा करून दिली.

पुढे वैद्यकीय मंडळापुढे उभा राहिलो. तक्त्यात माझा अवयव नसल्यामुळे मंडळाला स्वतःच्या बुद्धीने आकडा काढावा लागला, आणि तो १५ निघाला. तर्जनीपेक्षा किंचित वर, अंगठ्याच्या निम्मे. या कायम अपंगत्वाच्या लाभात एक न्याय आहे की तो नोकरी करीत असतानाही चालू राहतो. मात्र ठराविक मुदतीने हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे नुसते हयात असून भागत नाही, आपण हयात आहोत हे वेळेवर आठवावेही लागते. ते काम हिच्याकडे आहे. कारखान्यात मात्र या आकड्याने बरेच दिवस करमणूक केली. "पंधरा टक्के गेला म्हणजे पंचाऐंशी उरला ना? आमच्या साहेबांची एकदा तपासणी करून घ्या," असा सूर पहिल्या पाळीत, आणि त्याहून मोकळ्या शब्दांत दुसऱ्या पाळीत.

वर्षअखेरीस कामगिरीचा अहवाल आला. 'स्मरणशक्ती' या रकान्यात सुपरवायझरांनी 'उत्तम' असा शेरा मारला होता, आणि 'हजेरी' या रकान्यात 'नियमित, एकही दिवस गैरहजर नाही'. हा अहवाल त्याच वर्षाचा होता ज्यात मी कित्येक आठवडे इस्पितळाच्या खाटेवर हजेरी लावीत होतो. त्यांनी मागील वर्षाचा कागद पुढे ठेवून नक्कल केली होती हे उघड होते. मंडळाचा १५ टक्क्यांचा कागद आणि हा 'उत्तम' उद्या एकाच टेबलावर आले तर काय, या काळजीने मी तो घेऊन एचआर साहेबांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, गंभीर झाले, आणि म्हणाले, "हे दुरुस्त केलंच पाहिजे. सोमवारी मला आठवण करा." सोमवारी मी ते विसरलो. तेही विसरले. त्यांचे वेतन २१,००० च्या बरेच वर असल्यामुळे त्यांना योजना लागू नव्हती.